जाणारी गाडी आपणहून सोडणारा महापौर : युबारीचं प्रकरण

एप्रिल २०११ मध्ये जपानच्या होक्काइदो बेटावरच्या युबारी शहराने तीस वर्षांचा महापौर निवडून दिला. पगार महिना २,५९,००० येन, म्हणजे त्या पदाच्या मूळ पगाराच्या जेमतेम तीस टक्के. पद सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम शून्य. त्याआधी हा माणूस टोकियो महानगर सरकारात साधा कर्मचारी होता आणि तिथे त्याला यापेक्षा जास्त पैसे मिळत होते.

नगरपरिषदांच्या लेखा शाखेतल्या लोकांसमोर मी हे प्रकरण मांडतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, मग गेला कशाला?" प्रश्न रास्त आहे, पण मला त्याच्यापुढचा जास्त महत्त्वाचा वाटतो. हातात काहीच नसलेल्या शहराच्या वतीने त्याने वाटाघाटी केल्या त्या कशाच्या जोरावर?

महापौर सुझुकी नाओमिची हे आज होक्काइदोचे गव्हर्नर आहेत आणि त्यांची कारकीर्द जगजाहीर आहे, म्हणून त्यांचं नाव दिलं आहे. रहिवासी, कर्मचारी आणि खाजगी कंपन्या यांची नावं गाळली आहेत.

पार्श्वभूमी : शहर

युबारी म्हणजे कोळसा. १९६० साली शहराची लोकसंख्या १,१६,९०८ होती, डोंगरांच्या घळींमध्ये खाणींच्या चाळी उभ्या होत्या. पुढे आयात तेलाने कोळशाला मागे टाकलं आणि खाणी एकेक करून बंद पडू लागल्या. १९८१ मध्ये एका नव्या खाणीत वायूचा स्फोट होऊन ९३ माणसं गेली. शेवटची खाण १९९० मध्ये बंद झाली.

खाण कंपन्या गेल्या, पण त्यांनी कामगारांसाठी बांधलेली घरं, पाणीपुरवठा, दवाखाना हे सगळं मागे राहिलं. ते गळ्यात पडलं शहराच्या. १९७९ ते २००३ अशी चोवीस वर्षं महापौर राहिलेल्या नाकाता तेत्सुजी यांनी 'कोळशाकडून पर्यटनाकडे' असा रस्ता धरला. कोळसा संग्रहालय, मनोरंजन उद्यान, हॉटेलं, स्कीइंगची उतरण, १९९० पासून चित्रपट महोत्सव. त्या काळात या धडपडीचं देशभर कौतुक झालं. आज त्यांना शिव्या घालणं सोपं आहे. पण एक लाखाचं गाव डोळ्यांदेखत ओस पडत असताना हातावर हात ठेवून बसणारा महापौर लोकांनी किती दिवस ठेवला असता?

पर्यटन तोट्यात गेलं. हा तोटा कसा झाकला, ते लेखा शाखेतल्या माणसाने नीट वाचावं. जपानात आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, पण त्या वर्षाच्या जमा-खर्चाच्या नोंदी ३१ मेपर्यंत करता येतात. या दोन महिन्यांत दोन्ही वर्षांच्या वह्या एकाच वेळी उघड्या असतात. शहराचं मुख्य खातं नव्या वर्षाच्या पैशातून पर्यटन खात्याला उसने द्यायचं, पर्यटन खातं त्याच पैशातून जुन्या वर्षाची उसनवारी फेडल्याचं दाखवायचं. जुन्या वर्षाचा हिशेब स्वच्छ. पुढच्या वर्षी तोच खेळ, रक्कम थोडी मोठी. मधली फट बँकांच्या अल्पमुदतीच्या कर्जाने बुजवायची. आपल्याकडे याला 'ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर' म्हणतात. फरक इतकाच की टोपी दरवर्षी वाढत होती.

जून २००६ मध्ये शहराने हात वर केले. मार्च २००७ मध्ये केंद्राने युबारीला अधिकृतपणे 'आर्थिक पुनर्रचनेखालील' संस्था ठरवलं. फेडायची तूट सुमारे ३,५३० कोटी येन आणि लोकसंख्या तेरा हजारांच्या आसपास. तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या डोक्यावर सत्तावीस लाख येन.

पार्श्वभूमी : माणूस

सुझुकी यांचा जन्म १९८१ चा, टोकियोला लागून असलेल्या साइतामा प्रांतातला. आईवडील विभक्त झाले, घर आईवर आलं, आणि शाळा संपल्यावर कॉलेजला जाण्याइतके पैसे नव्हते. १९९९ मध्ये अठराव्या वर्षी ते टोकियो महानगर सरकारात लागले. नोकरी करत रात्रीच्या वर्गांतून होसेई विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली, जोडीला मुष्टियुद्धाचा क्लब. जपानी राजकारणात सनदी सेवेतून आलेल्यांची मोठी परंपरा आहे, पण ते बहुतेक टोकियो विद्यापीठातून थेट अर्थ किंवा उद्योग मंत्रालयात गेलेले. सुझुकी त्या पंगतीतले नव्हेत.

टोकियोने युबारीच्या मदतीला दोन कर्मचारी पाठवायचं ठरवलं. जानेवारी २००८ मध्ये २६ वर्षांचे सुझुकी तिथे पोचले. आल्या आल्या काय दिसलं? नगरपालिकेची हीटर संध्याकाळी पाचला बंद होत. होक्काइदोतला जानेवारी. कर्मचारी निम्म्याहून कमी उरलेले, कामं मात्र तेवढीच, त्यामुळे पाचला घरी जाणं कुणालाच शक्य नव्हतं. अंगावर स्कीचं जॅकेट, हातात मोजे आणि शून्याखालच्या खोलीत संगणकावर टंकलेखन. बदलीवर आलेल्या माणसाला हे वर्षभर सोसून परत जाता आलं असतं. सुझुकींनी मुदत वाढवून मागितली आणि दोन वर्षं दोन महिने काढले. सुट्टीच्या दिवशी चित्रपट महोत्सवात राबले. शहराने अनुदान बंद केल्यावर तो महोत्सव रहिवाशांनीच पुन्हा उभा केला होता. फेडीच्या आराखड्याबद्दल नागरिकांचं म्हणणं गोळा करणाऱ्या पाहणीतही त्यांचा हात होता.

अडचण

फेडीचा आराखडा कागदावर चोख होता. नगरसेवक १८ चे ९. कर्मचाऱ्यांचे पगार कापलेले. १७१ खाटांच्या रुग्णालयाचा १९ खाटांचा दवाखाना झालेला. ग्रंथालय बंद, सार्वजनिक शौचालयं बंद. शाळा एकत्र करत करत शेवटी प्राथमिक एक आणि माध्यमिक एक. वर कचरा उचलायला शुल्क, गाडीवरचा कर दीडपट.

खरी गोम यातच होती. दर वर्षी सुमारे २६० कोटी येन फेडायचे, आणि शहराचा स्वतःचा कर महसूल शंभर कोटींच्याही आत. बाकी सगळं केंद्राच्या अनुदानातून. सेवा कापल्या की तरुण कुटुंबं गाव सोडतात, ती गेली की कर घटतो, कर घटला की आणखी कापाकापी. फेड वेळेवर होत होती, आणि ज्यांच्यासाठी ती करायची ते गावच विरघळत होतं.

त्यात भूगोल. युबारीचं क्षेत्रफळ ७६३ चौरस किलोमीटर, आपल्या बृहन्मुंबईपेक्षा मोठं. जिथे जिथे खाण तिथे तिथे वस्ती, त्यामुळे माणसं विखुरलेली. बर्फ काढायचा तो सगळ्या रस्त्यांवरचा, पाण्याच्या नळ्या सांभाळायच्या त्या सगळ्या घळींतल्या.

पहिला निर्णय : नोकरी सोडायची का?

मार्च २०१० मध्ये सुझुकी टोकियोला परतले. त्यांना मंत्रिमंडळ कार्यालयात स्थानिक स्वराज्याशी संबंधित विभागात पाठवलं गेलं. चांगली जागा. त्याच वर्षाच्या अखेरीस युबारीतल्या काही तरुण रहिवाशांनी महापौरपदाला उभं राहा असा आग्रह धरला.

पर्याय तीन होते. एक, नोकरीत राहून सल्लागार म्हणून मदत करायची. दोन, सरकारमार्फत पुन्हा युबारीला बदली मागायची. तीन, निवडणूक. जपानी कायद्यात तिसऱ्याची अट कडक आहे : सरकारी कर्मचाऱ्याने उमेदवारी अर्ज भरला की त्याच क्षणी नोकरी गेली असं धरलं जातं. हरलो तर परत येऊ, ही सोय नाही. आपल्याकडेही राजीनामा द्यावाच लागतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या वर्गात कुणाला परका वाटत नाही.

एक बारकावा इथे निसटतो. जपानी महापौर म्हणजे आपला शोभेचा महापौर नव्हे. थेट निवडून आलेला नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी हे दोघे एकाच खुर्चीत बसले तर जे होईल ते. सल्लागार राहून सुझुकींना आराखड्याची भाषा सुधारता आली असती. आराखडा उघडून केंद्राशी भांडायला मात्र तीच खुर्ची लागत होती.

त्यांनी राजीनामा दिला. टोकियोचे तेव्हाचे गव्हर्नर इशिहारा शिंतारो यांनी उघड पाठिंबा दिला. २४ एप्रिल २०११ ला, पूर्व जपानातल्या महाभूकंपानंतर सहा आठवड्यांनी, ते निवडून आले. हरलेल्यांत एक माजी खासदारही होत्या.

दुसरा निर्णय : कर्जाशी काय करायचं?

इथे वर्गातून हमखास सूचना येते : "माफ करून घ्यायचं ना!" अमेरिकेत डेट्रॉइट शहराने २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तसा. जपानात हा दरवाजाच नाही. स्थानिक संस्थेचं कर्ज बुडत नाही, बुडू दिलं जात नाही. 'दिवाळखोर शहर' हे वर्तमानपत्री नाव, कायद्यात ते बसत नाही.

राहिले दोन मार्ग. मुकाट्याने फेडत राहायचं आणि मार्च २०२७ मध्ये फेड संपण्याची वाट पाहायची. किंवा फेडीचं वेळापत्रक मान्य ठेवून, त्याच आराखड्यात गाव जगवण्याच्या खर्चाला जागा मागायची. सुझुकींनी दुसरा धरला, पण लगेच नाही. आधी काही वर्षं फेड बिनबोभाट चालू ठेवली. मोडक्या वस्त्यांतल्या अर्ध्या रिकाम्या सरकारी इमारतींतून लोकांना एकमेकांशेजारी आणण्याचं काम मायाचीसारख्या वस्तीत सुरू केलं. इमारत ओस पडली होती तरी लोकांची त्यात चाळीस-चाळीस वर्षं गेली होती. मंत्रालयाच्या कागदावर 'एकत्रीकरण' हा एक शब्द असतो. त्याच्या खाली एखाद्या आजीला जिना, शेजार आणि परसातली भाजी सोडायला लावणं असतं, आणि ते कुणीतरी तिच्या दारात जाऊन बोलावं लागतं.

हे करून दाखवल्यावर, दहा वर्षांचा टप्पा आल्यावर, मार्च २०१७ मध्ये केंद्राने आराखड्यात मोठा बदल मंजूर केला : फेडीसोबत शहराची पुनर्बांधणी. शिमिझुसावा भागात ग्रंथालयासह सार्वजनिक सोयींची एक नवी इमारत मंजूर झाली, ती २०२० मध्ये उघडली. ग्रंथालय बंद झाल्यापासून एक अख्खी पिढी शाळेतून बाहेर पडली होती.

माझी तक्रार आहे ती इथल्या वेळेबद्दल. सहा वर्षं खूप झाली. लोकसंख्या रोज घटत असताना आधी विश्वास कमवायचा आणि मग मागायचं, ही शिस्त फार महाग पडते. पण केंद्राकडे मागायला जाणारा माणूस स्वतः ३० टक्के पगारावर सहा वर्षं बसलेला असला, तर समोरच्याला 'आधी तुम्ही काटकसर करा' असं म्हणता येत नाही, हेही खरं.

तिसरा निर्णय : रेल्वेचा फाटा

या प्रकरणाचा गाभा हाच.

शिन-युबारीपासून युबारीपर्यंत १६.१ किलोमीटरचा एक फाटा होता. कोळसा वाहायला टाकलेला, कोळसा संपल्यावर शाळकरी मुलं आणि म्हातारी माणसं वाहणारा. जेआर होक्काइदो ही कंपनी मुळात तोट्यात. मार्च २०१६ मध्ये तिने या फाट्यावरच्या गाड्या घटवून दिवसाला पाच फेऱ्यांवर आणल्या. पुढे काय येणार हे आंधळ्यालाही दिसत होतं.

अशा वेळी गाव काय करतं? समिती नेमते, सह्या गोळा करते, 'गाडी वाचवा' चे फलक लावते, 'महिन्यातून एकदा तरी गाडीने जा' असं आवाहन करते. कंपनी चार-पाच वर्षं ऐकून घेते आणि मग गाडी बंद करते. तोवर गावाच्या हातात फक्त फलक उरतात.

ऑगस्ट २०१६ मध्ये, कंपनीने औपचारिक प्रस्ताव मांडण्याआधीच, सुझुकी स्वतः तिच्याकडे गेले आणि म्हणाले की आम्ही फाटा बंद करायला तयार आहोत. अटी तीन : नव्या वाहतूक व्यवस्थेच्या आखणीत कंपनीने मदत करावी, तिच्या जागा शहराला वापरायला द्याव्यात, आणि तिने आपला माणूस नगरपालिकेत पाठवावा. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये कंपनीने जाहीर केलं की एकूण १३ मार्ग-टप्पे तिला एकटीला चालवणं झेपत नाही. या घोषणेनंतर सगळ्याच गावांना दारात जाऊन उभं राहावं लागलं. युबारी तेव्हा आत बसून बोलत होतं.

२०१८ च्या मार्चमध्ये करार झाला. कंपनीने ७५ कोटी येन द्यायचे, वीस वर्षं बससेवा टिकेल अशी तजवीज करायची. रेल्वेच्या पाच फेऱ्यांच्या जागी बसच्या दहा फेऱ्या आल्या. ३१ मार्च २०१९ ला शेवटची गाडी धावली.

गावात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असं नाही. 'गाडी गेली की गाव नकाशावरून गेलं' ही भावना जपानात फार खोल आहे, आणि महापौरानेच ती जाऊ द्यावी हे अनेकांना लागलं. पण हिशेब पाहा. गाडी जाणारच होती. तिला किंमत होती ती फक्त तोवर, जोवर कंपनीला 'हो' म्हणणारं एक पहिलं गाव हवं होतं. दुसऱ्या गावाच्या 'हो' ला तेवढा भाव नसतो. सुझुकींनी विकला तो फाटा नव्हे, त्यांनी पहिला होकार विकला.

एक गोष्ट त्यांच्या बाजूची होती आणि तिचा उल्लेख क्वचित होतो. हा फाटा सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच शहराच्या हद्दीत होता. शेजारच्या कुणाला विचारायचंच नव्हतं.

चौथा निर्णय : पर्यटनाच्या मालमत्ता

२०१७ मध्ये शहराने हॉटेलं आणि स्कीइंगची उतरण अशा चार मालमत्ता सुमारे २४ कोटी येनला एका खाजगी खरेदीदाराला विकल्या. तर्क तोच : शहराला सांभाळणं झेपत नाही, तर घेणाऱ्याला द्यावं. २०१९ मध्ये त्या पुन्हा विकल्या गेल्या, सुमारे १५० कोटींना, परदेशी गुंतवणूकदाराला. डिसेंबर २०२० मध्ये चालवणाऱ्या कंपनीने दिवाळखोरीची वाट धरली आणि त्या हिवाळ्यात उतरण बंद राहिली.

रेल्वेच्या वेळी त्यांनी समोरच्याला वीस वर्षांसाठी बांधून घेतलं. इथे माल हातातून गेला आणि पाठोपाठ दोर सुटला. दोन्ही वाटाघाटी साधारण एकाच काळातल्या, एकाच माणसाच्या. फरक पडला तो समोर कोण होतं त्यामुळे, असं माझं मत आहे. रेल्वे कंपनी पळून जाऊ शकत नाही, तिला होक्काइदोतच राहायचं आहे. मालमत्ता घेणाऱ्याला तसं काही बंधन नसतं, म्हणून ते करारात लिहावं लागतं.

निष्पत्ती

फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस सुझुकींनी महापौरपद सोडलं आणि होक्काइदोच्या गव्हर्नरपदाला उभे राहिले. (जपानी प्रांताचा गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो थेट निवडून येतो आणि कारभार चालवतो.) फाट्यावरची शेवटची गाडी सुटली त्याच्या बरोबर सात दिवसांनी, ७ एप्रिलला, ते सत्ताधारी पक्षांच्या पाठिंब्यावर ३८ व्या वर्षी निवडून आले. तेव्हाचे देशातले सर्वांत तरुण गव्हर्नर.

पुढे पहिल्याच वर्षी जुनी सवय दिसली. २८ फेब्रुवारी २०२० ला, केंद्राच्या कायद्यात तशी तरतूद होण्याआधीच, त्यांनी कोरोनासाठी प्रांतात आणीबाणी जाहीर केली आणि लोकांना शनिवार-रविवार घरी राहायला सांगितलं. १९ मार्चला ती संपवली. १२ एप्रिलला साप्पोरो शहरासोबत पुन्हा जाहीर करावी लागली. आधी पाऊल टाकण्यात ते पटाईत होते. पाऊल मागे कधी घ्यायचं, हे अवघड गेलं.

रेल्वेच्या बाबतीत मात्र गव्हर्नर म्हणून त्यांच्यावर उलट टीका झाली, की ते नुसते पाहत राहिले. हिदाका मार्गाचा बराचसा भाग २०२१ मध्ये बंद झाला, नेमुरो मार्गाचा फुरानो ते शिंतोकू टप्पा २०२४ मध्ये. या मार्गांवर अनेक गावं होती आणि प्रत्येकाचं गणित वेगळं. तिथे पहिला होकार विकायला एकच माणूस नव्हता. २०२३ मध्ये ते पुन्हा निवडून आले.

आणि युबारी? २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ७,३३४. निम्म्याहून जास्त माणसं पासष्टीच्या पुढची. फेड एकाही वर्षी चुकली नाही. इथली खरबुजं अजूनही साप्पोरोच्या पहिल्या लिलावात देशभर गाजतात : २०१९ मध्ये दोन खरबुजांची जोडी ५० लाख येनला गेली, म्हणजे महापौराच्या दीड वर्षाच्या पगारापेक्षा जास्त.

काय वेगळं करता आलं असतं

आराखडा उघडण्याची मागणी २०१३-१४ मध्येच करायला हवी होती, हे वर आलंच. मालमत्तांच्या विक्रीत ठरावीक वर्षं पुन्हा विकू नये, आणि विकल्यास वाढीव किमतीत शहराचा वाटा, अशी कलमं हवी होती. आपल्याकडे म्हाडाची सदनिका घेणाऱ्या सामान्य माणसाला पुनर्विक्रीची अट असते. अख्खी उतरण घेणाऱ्याला का नसावी?

तिसरा मुद्दा वाद घालण्यासारखा आहे. दोन मुदतींनंतर, फेड आठ वर्षं बाकी असताना, सुझुकी गेले. गव्हर्नर होऊन युबारीला जास्त मदत करता येईल असं म्हणता येतं, आणि विरोधात असंही म्हणता येतं की विकलेल्या मालमत्तेचं आणि नव्या बसचं पुढे काय होतं ते पाहायला तोच माणूस खुर्चीत हवा होता. वर्गात यावर मत मागितलं की हात साधारण निम्मे-निम्मे वर जातात. आजवर एकमत झालेलं नाही, आणि माझंही दरवर्षी बदलतं.

युबारीच्या संकेतस्थळावर एक कर्जाचं घड्याळ आहे. बाकी रक्कम त्यावर उलटी मोजली जाते. वर्षाला २६० कोटी म्हणजे सेकंदाला ऐंशीएक येन. वर्ग संपताना मी ते पडद्यावर लावून ठेवतो आणि हजेरीपट भरायला घेतो.